नवी प्रणाली आली की कर्मचारी "जमणार नाही" म्हणतात: कोकणातल्या छोट्या नगरपंचायतीने काय करावं?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या नगरपंचायतीत नव्याने कार्यालय अधीक्षक झालात, सतत नवं पोर्टल येतं, कर्मचारी वैतागलेत. काम बदलायचं आणि माणसंही समाधानी ठेवायची, हे कसं साधावं?

माझ्या मते "जमणार नाही" म्हणजे बहुतेक वेळा "दोनदा करणं जमणार नाही". घरपट्टीची एकच पावती घ्या. पावतीपुस्तकात हाताने लिहायची, मग संगणकात भरायची, संध्याकाळी रोकडवहीत चढवायची, आणि महिनाअखेरीस तेच आकडे अहवालासाठी एक्सेलमध्ये. नवी प्रणाली येते तेव्हा जुनं काहीच बंद होत नाही, एक पायरी तेवढी वाढते. लिपिक जुनी वही सोडत नाही, तो हट्ट नसतो. सर्व्हर बसला आणि नोंद राहिली, तर लेखापरीक्षणातला आक्षेप त्याच्या नावावर निघतो, ही त्याची भीती खरी आहे.

म्हणून आधी एक आठवडा प्रत्येक टेबलावर कोरा कागद ठेवा. एकाच अर्जाची माहिती किती ठिकाणी लिहिली, तेवढ्या रेघा मारायच्या. त्यावरून मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचा कार्यालयीन आदेश काढा: अमुक तारखेपासून अमुक वही बंद, शेवटच्या नोंदीखाली रेघ आणि सही. लेखा नियमांनी बांधलेल्या नोंदवह्यांना हात लावू नका. पण सवयीने चाललेल्या वह्या आणि तक्ते नक्की जाऊ शकतात. वीज किंवा रेंज गेली तर काय, हेही त्याच आदेशात हवं: साठा नोंदवहीतून दिलेलं क्रमांकित पावतीपुस्तक वापरायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी 12 पर्यंत नोंदी संगणकात भरायच्या, शेऱ्यात हातपावतीचा क्रमांक लिहायचा. तो कागद हातात असला की लिपिक निम्मा निर्धास्त होतो.

वेळ चुकली तर चांगला बदलही फसतो. जून ते सप्टेंबर आपत्ती कक्षाच्या पाळ्या असतात. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, तेव्हा दाखले आणि घरपट्टीची सगळी गर्दी त्याच आठ-दहा दिवसांत. मार्चमध्ये वसुली. उरतो तो दिवाळीनंतर ते जानेवारीचा काळ. त्यात एकच प्रणाली घ्या.

आता लॉगिन. राज्य संवर्गातला, म्हणजे गावोगावी बदली होणारा, करनिरीक्षक किंवा लेखापाल बदलून जातो आणि ओटीपी मात्र त्याच्याच मोबाइलवर येत राहतो. डिजिटल सहीच्या डोंगलची (संगणकाला लावायच्या छोट्या उपकरणाची) मुदत संपते तीही नेमकी अर्ज तुंबलेले असताना. महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय सेवा देण्याची मुदत चुकली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. मग चिडचिड खाली उतरते ती शिपायापर्यंत. कार्यमुक्तीच्या कागदांत लॉगिन हस्तांतरणाची यादी घाला, डोंगलची मुदत भिंतीवर लावा आणि प्रत्येक टेबलाला एक जोडीदार नेमा. शिकवणं त्याच्याच संगणकावर, खऱ्या अर्जावर, रोज अर्धा तास. जिल्ह्याला नेऊन दिवसभर पडदा दाखवलेलं आठवड्यात विसरलं जातं.

समाधानाचं म्हणाल तर, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तिथे समावेशनाचा, म्हणजे जुन्या कर्मचाऱ्यांना नगरपंचायतीच्या सेवेत सामावून घेण्याचा, प्रश्न अनेकांच्या मनात सलतो. ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे ते असं: सेवापुस्तकं दरवर्षी अद्ययावत करणं, 10-20-30 वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेचे (बढती मिळाली नाही तरी ठरावीक सेवेनंतर वरचं वेतन देणाऱ्या योजनेचे) प्रस्ताव पात्रतेआधीच तयार ठेवणं, कंत्राटी सफाई कामगारांच्या ठेकेदाराचं देयक मंजूर करताना मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी जमा झाल्याचा पुरावा मागणं. प्रस्ताव टेबलात सहा महिने पडलेला असताना कुणालाही "नवं शिका" म्हणू नये, असं मला ठामपणे वाटतं.

छापील प्रश्नावली टाळा. पंधरा-वीस जणांच्या कार्यालयात अक्षर सगळे ओळखतात, त्यामुळे सगळीकडे "समाधानी"वरच खूण येते. एकेकाला वीस मिनिटं बसवून एवढंच विचारा: कालच्या दिवसातलं कोणतं काम उगाच केलं असं वाटलं? उत्तर त्याच्यासमोर लिहा आणि पंधरा दिवसांत त्यातलं एक काम बंद करून दाखवा. आपत्ती कक्षात जागलेल्या रात्रींची बदली रजा देय असेल तर तिची नोंद ठेवायला वेगळी वही घाला; ही एक वही मात्र वाढली तरी चालेल.