ब्लेस मारण्याआधी डिफ वाचा

तुम्ही देवगडहून लिहिलंय की रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरमधल्या एका एररला सजेशन (कोड असा दुरुस्त करा, ही सूचना) जोडलं, तर रिव्ह्यूअरने किरकोळ शेऱ्यांचा पाऊस पाडला आणि वर विचारलं, 'इतक्या टेस्ट फाइली का बदलल्या?' मी याच रांगेत उभा राहून आलोय. गिट आणि रिबेस येतं असं धरून चालतो.

एररचा मेसेज लहान अक्षराने सुरू करा, शेवटचा पूर्णविराम काढा, हे कंपायलर टीमचे ठरलेले नियम आहेत. हुज्जत न घालता बदलून टाका. 'मशीन-ॲप्लिकेबल नको' या शेऱ्यावर मात्र थांबा. मशीन-ॲप्लिकेबल म्हणजे सजेशन न विचारता लावलं तरी चालेल, अशी खूण. कार्गो फिक्ससारखी कोड आपोआप दुरुस्त करणारी टूल्स त्या खुणेवर विसंबून सजेशन परस्पर लावतात. तुम्ही क्लोन, म्हणजे व्हॅल्यूची प्रत काढणं, सुचवताय. ते कंपाइल होईल, पण वापरणाऱ्याला तेच हवं होतं कशावरून? माझ्या मते तिथे मेबी-इनकरेक्ट, म्हणजे 'कदाचित चूक असेल', हीच खूण बरी. पटत नसेल तर उलट उदाहरण देऊन भांडा.

फाइलींचा प्रश्न रास्तच आहे. ब्लेस हा टेस्टच्या अपेक्षित आउटपुटच्या फाइली आपोआप नव्याने लिहिणारा पर्याय. तो चालवला की कंपायलर आत्ता जे छापतो तेच अपेक्षित उत्तर म्हणून लिहिलं जातं. स्पॅन, म्हणजे एरर कोडच्या ज्या तुकड्याकडे बोट दाखवते तो, चुकून सरकला आणि खुणा एक्स्प्रेशन सोडून अर्धविरामाखाली गेल्या, तरी टेस्ट हिरवीच. म्हणून प्रत्येक डिफ डोळ्यांनी वाचा आणि जिथे आउटपुट मुद्दाम बदललंय तिथे कारण लिहा.

माझा खरा घात रिव्ह्यूअरने नाही, इथल्या एका इंटरनेटवाल्याच्या ऑफिसने केला. गणपतीच्या तोंडावर झाड पडून केबल तुटली. काउंटरवरचा माणूस स्क्रीन बघून सांगतो, 'तुमची लाइन चालू दाखवतेय.' तक्रार बंद, परत नवी तक्रार, परत बंद. तिकडे माझ्या पीआरवर (बदल सामील करा, या विनंतीवर) 'वेटिंग ऑन ऑथर', म्हणजे लेखकाची वाट बघतोय, हे लेबल तसंच राहिलं आणि शेवटी हालचाल नाही म्हणून तो बंद झाला. अशा वेळी मोबाइलवरून एक ओळ टाकून ठेवावी. आणि नुसतं पुश करून लेबल बदलेलच असं धरू नका, लेबलं बदलणाऱ्या बॉटसाठी '@rustbot ready' अशी कमेंट टाका. नाहीतर ते तुमची वाट बघतायत आणि तुम्ही त्यांची.

मी कंपायलर टीममधला नाही, अधूनमधून हात लावणारा माणूस, तेव्हा नियमांसाठी त्यांचं गाइडच प्रमाण. आणि पावसाळ्यात लाइटीचा भरवसा नसतो, म्हणून एलएलव्हीएम (रस्ट कंपायलर मशीन कोड बनवायला जी मोठी लायब्ररी वापरतो ती) घरी बिल्ड करत बसू नका. तयार डाउनलोड करायची सेटिंग आहे, ती चालू ठेवा.