आर्किटेक्ट झाल्यावर आयुष्यभर बिल्डरचे फ्लॅटच काढायचे का?

तुमची मुलगी बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि ‘पुढे जन्मभर टू-बीएचकेच काढायचे का’ म्हणून हिरमुसलीय, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात बावीस वर्षं हा धंदा करतोय. टू-बीएचके मीही काढतो; ऑफिसचं भाडं त्यातूनच निघतं. बाकीची कामं मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गळ्यात घातली.

सदाशिव पेठेत राहायचो तेव्हा मंडळाच्या पोरांनी ‘तुम्ही आर्किटेक्ट ना, मग मांडवाचं बघा’ म्हणून पकडून नेलं. मला वाटलं, देखावा काढायचाय. प्रत्यक्षात प्रश्न होता की शेजारून आगीचा बंब जाईल का. रस्ता मोजला, मांडव दोन फूट आत घ्यायला लावला, त्यावरून भांडण झालं. त्यातल्याच एकाने पुढे एकांकिकेचं नेपथ्य करायला लावलं आणि दुसऱ्याने मावशींचा वाडा दाखवला.

तिथे मी तोंडावर आपटलो. तळमजल्याची भिंत माती-विटांची, वर चुन्याचा गिलावा, खाली ओल. मी चुना खरवडून सिमेंट मारलं. दोन पावसाळ्यांत गुडघ्याएवढी ओल छातीपर्यंत चढली, लोणा फुटला, हात लावला की पापुद्रा हातात यायचा. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त कोनाड्यातले देव दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने समजावलं: चुन्यातून ओल बाहेर वाळून जात होती, तुम्ही ती वाट बुजवली, मग पाणी वर चढणार नाही तर काय करणार? कळीचा चुना आणला, भिजवून मुरवला आणि सगळा गिलावा पुन्हा केला. स्वखर्चाने, हे सांगायला नको.

त्यानंतर वाड्यांची कामं येत राहिली. वाड्यातली खोली फुटांत नाही, खणांत सांगतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. हे मला कॉलेजात नाही, एका सुताराकडून कळलं.

हल्ली रविवारी जुन्या सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये रीडेव्हलपमेंटचे प्लॅन वाचून दाखवतो. सत्तरीच्या आजोबांना एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, तोंडपाठ असतो, पण बाथरूमचं दार अडीच फुटी आहे आणि त्यातून व्हीलचेअर जाताना हात सोलवटतील, हे कुणी विचारत नाही. तीन फुटी तरी मागून घ्या, एवढंच मी सांगतो. याचे पैसे मिळत नाहीत. कधीकधी त्यातून काम मिळतं, बऱ्याचदा नुसता बटाटेवडा.

डिग्रीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी मात्र लगेच करून घ्यायला सांगा. 1972 च्या कायद्याप्रमाणे त्याशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही.

आणि या सुट्टीत तिला टेप घेऊन एखादा राहता वाडा मोजायला पाठवा, अर्थात घरच्यांना विचारून. टेपचं दुसरं टोक धरायला घरातलं कुणीतरी येतंच, आणि मग ‘एवढी शिकलीयस, तर आमच्या जिन्याचं काय करायचं ते सांग’ हेही विचारतं.