बारावीला 86 टक्के आहेत, पुण्यात बीएस्सीला सरकारी गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की बारावी विज्ञानला 86 टक्के आहेत, वडील शेती करतात, घरचं उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे आणि पुण्यात एका अनुदानित कॉलेजात बीएस्सीला प्रवेश झालाय. निव्वळ गुणांवर सरकारकडून काही मिळतं का, हा तुमचा प्रश्न. मिळतं. फक्त कोणता फॉर्म आधी भरायचा ते ठरवून घ्या.

पहिला फॉर्म केंद्र सरकारच्या सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिपचा. तो नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात. बारावीला आपल्या शाखेत 80 पर्सेंटाइलच्या वर असणं आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असणं या मुख्य अटी. पदवीला दरसाल 12,000 रुपये, पुढे एमएस्सीला 20,000. देशभरात वर्षाला 82,000 जणांना ती मिळते. या जागा राज्यवार आणि बोर्डवार वाटलेल्या असतात आणि त्यातल्या निम्म्या मुलींसाठी असतात. पर्सेंटाइल आणि टक्के यांची गल्लत करू नका. 80 पर्सेंटाइलच्या वर म्हणजे आपल्या शाखेतल्या वरच्या 20 टक्के मुलांत असणं. 80 पर्सेंटाइल म्हणजे किती टक्के, हे बोर्डाच्या त्या वर्षीच्या निकालावर ठरतं. 86 टक्क्यांवर तुम्ही अर्ज नक्की करावा.

राज्याचे फॉर्म महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. तिथे खुली गुणवत्ता शिष्यवृत्ती नावाची योजना दिसेल. पदवीला रक्कम महिन्याला 100 रुपये. हा आकडा पाहिला की मला दरवर्षी वाईट वाटतं, कारण त्याच यादीत खाली दक्षिणा अधिछात्र शिष्यवृत्ती आहे. ही दक्षिणा म्हणजे पेशवे श्रावणात वाटत ती. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मण जमत, तिथे ती मिळे. इंग्रजी अमलात हा पैसा विद्येकडे वळला. विश्रामबागवाड्यातली 1821 ची संस्कृत पाठशाळा त्यातूनच उभी राहिली आणि पुढे दक्षिणा फेलो, म्हणजे शिकता शिकता दरमहा मानधन घेणारे अधिछात्र, नेमले जाऊ लागले. 1860 च्या सुमारास न्यायमूर्ती रानडे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असेच फेलो होते. तेव्हा त्यांना महिना 60 रुपये मिळत. तेव्हा 60 आणि आज 100! हुशार पोराची किंमत इतकी कमी धरू नये असं मला मनापासून वाटतं.

आता खरी अडचण. केंद्राची शिष्यवृत्ती घेतली की दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी सोबत चालत नाही. तुमच्यासारख्या अनुदानित बीएस्सीला फी मुळातच कमी, तेव्हा 12,000 हातात येणं केव्हाही चांगलं. इंजिनिअरिंगला असतात तर मी उलट सांगितलं असतं. तिथे राजर्षी शाहू योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्या मुलांची निम्मी शिक्षण फी सुटते. याच अटींत बसणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींची तर 2024 पासून शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. घरात धाकटी बहीण असेल तर हे लक्षात असू द्या.

मी स्वतः भोर तालुक्यातून पुण्यात शिकायला आलो. तेव्हा केंद्राच्या या शिष्यवृत्तीची रक्कम 10,000 होती. पहिल्या वर्षी ती खात्यात आली आणि माझ्या चार-पाच महिन्यांच्या मेसचा प्रश्न सुटला. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा फॉर्म मी वेळेत भरला आणि निर्धास्त राहिलो. कॉलेजने पोर्टलवर पडताळणीच केली नाही. मुदत संपल्यावर मला कळलं. ऑफिसात दोनदा गेलो, उत्तर एकच, 'आता लिंक बंद झाली.' आईने त्या वर्षी माझ्या खर्चासाठी एक म्हैस विकली. ते अजून बोचतं, म्हणून सांगतो: फॉर्म सबमिट झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. दर आठवड्याला स्टेटस बघा. 'पेंडिंग अॅट इन्स्टिट्यूट' दिसत असेल तर शिष्यवृत्ती बघणाऱ्या क्लार्कला जाऊन भेटा, अर्जाची प्रिंट हातात ठेवा, नम्रपणे पण रोज भेटा. नूतनीकरणाला 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. हजेरीकडे पुण्यात आल्यावर पोरांचं हमखास दुर्लक्ष होतं.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ खातो तो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. गावी आहात तोवरच सेतूत अर्ज टाका. अधिवासाचा दाखला नसेल तर तोही सोबतच काढा, महाडीबीटीला लागतो. बँकेत जाऊन खातं आधारला नुसतं जोडलंय की त्यात थेट अनुदान जमा होण्यासाठी मॅपिंगही झालंय, हे विचारा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या वर्षी शेजारच्या मुलीची मंजूर झालेली रक्कम एवढ्यासाठीच अडकली होती.

पैसे यायला वर्ष उलटू शकतं, त्यामुळे पहिल्या सत्राचा खर्च या भरवशावर ठेवू नका. तोवर कॉलेजात 'कमवा व शिका' योजनेची चौकशी करा. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत ती चालते. माझी दुसऱ्या वर्षाची मेस शेवटी त्यातूनच निघाली.