‘मी अबोल आहे, तोंडी परीक्षेत माझं कसं होणार?’

‘मॅडम, माझं लेखन-वाचन चांगलं आहे. पण मी मुळातच अबोल, म्हणून बोलण्याच्या परीक्षेत मार खाते.’ गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन बी-१ (मध्यम पातळीच्या) परीक्षेला बसणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: ‘ऐकण्यातही तसंच होतं.’ मी अडते ती या ‘तसंच’पाशी. अबोल माणसाला बोलणं जड जाईल, कबूल. ऐकणं का जावं?

अशीच एक मुलगी (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). परीक्षेत सादरीकरणाला साधारण तीन मिनिटं असतात, तेवढं तिला फोनवर रेकॉर्ड करायला लावलं. मग ते ऐकताना जिथे ती मागे फिरली तिथे तिनेच कागदावर रेघ मारायची. चौदा रेघा झाल्या. ‘डी टिश… नाही, डेर टिश.’

‘टेबल स्त्रीलिंगी झालं, तर परीक्षकाला टेबल कळणार नाही?’

‘कळेल. पण चूक लक्षात आल्यावर ती तशीच सोडायची?’

पुढच्या वेळी तिची ऐकण्याची सराव-उत्तरपत्रिका मागवली. पहिला आणि चौथा भाग दोनदा ऐकवतात. ते जवळपास स्वच्छ. दुसरा आणि तिसरा एकदाच. तिथे १२वा प्रश्न चुकलेला, १३-१४ कोरे. १८ चुकलेला, १९-२० कोरे. रेघांचा कागद मी त्याशेजारी ठेवला आणि गप्प बसले. आमच्या कामात तेही यावं लागतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘मॅडम, मी बाराव्या प्रश्नापाशीच बसून राहिले होते.’

अबोलपणाचा इथे संबंधच नव्हता. निसटलेलं सोडवत नाही हा स्वभाव. तोंडी परीक्षेत तो अडखळणं होतो, ऐकण्यात कोऱ्या जागा. स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञाने स्वतःच्या बोलण्यावर सतत पहारा ठेवणाऱ्यांविषयी लिहिलंय. मी पहारेकऱ्याला हाकलत नाही, त्याच्या कामाच्या वेळा ठरवते.

लिंग चुकलं तर पुढे जायचं. वार, वेळ किंवा नकार चुकला तर अर्थ उलटतो, तेवढंच एकदा दुरुस्त करायचं. एकाच विषयावर रोज तीन मिनिटं दोनदा बोलायचं, दुरुस्ती फक्त दोन्हींच्या मधे. ‘वाइल’ (कारण) या शब्दानंतर क्रियापद शेवटी जातं, मराठीसारखंच, तिथे घाबरायचं कारण नाही. तयारीच्या १५ मिनिटांत ती पूर्ण वाक्यं लिहून काढायची आणि मग त्यातला शब्द शोधत बसायची. आता प्रत्येक मुद्द्याला तीनच शब्द. ऐकताना उत्तर निसटलं की पेन्सिलीचा ठिपका देऊन नजर पुढच्या प्रश्नावर. ठिपके शेवटी अंदाजाने भरायचे. चुकीला गुण कापत नाहीत.

बडबड्यांनी मात्र खूश होऊ नये. जोडीने बेत आखायचा असतो तिथे ते जोडीदाराला बोलू देत नाहीत, आणि परीक्षक प्रतिसादही पाहतात. ऐकताना ओळखीचा शब्द आला की खूण करून मोकळे. ‘आबर’ (पण) म्हणून बोलणारा तिथेच फिरतो.

ऐकण्याच्या भागात ती पास झाली. बोलण्यात १००पैकी ६० लागतात, ५७ मिळाले. भाग सुटे देता येतात, तेव्हा तेवढाच पुन्हा देणार आहे. परवाच्या रेकॉर्डिंगवर रेघा पाच होत्या. त्यातली एक वाराची, म्हणजे हक्काची.