चेहरा मेणाचा का दिसतो?

प्रश्न : ऑफिसच्या प्रोफाइलसाठी काढलेले हेडशॉट (चेहऱ्याचे जवळून घेतलेले फोटो) मी फोटोशॉपमध्ये रिटच करते. त्वचेवर गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) देते, मास्क (परिणाम कुठे दिसावा ते ठरवणारा पडदा) वापरून डोळे-ओठ वगळते. तरी चेहरा मेणाचा दिसतो. वरून ग्रेन (बारीक दाणेदारपणा) टाकला तरी तेच. चुकतंय कुठे?

उत्तर : ब्लरमध्येच. त्वचा खरी वाटते ती रंध्रं, बारीक लव आणि त्यांच्या इवल्याशा सावल्यांमुळे. ब्लर हे सगळं पुसतो, भुवया-पापण्या मात्र धारदार राहतात आणि ती तफावत लगेच खटकते. ग्रेन सगळीकडे सारखा पडतो. रंध्रं तशी नसतात, नाकावर ठळक तर डोळ्यांखाली जेमतेम. म्हणून एकदा गेलेला पोत ग्रेनने परत येत नाही.

ब्लर पूर्ण सोडा. आधी नवा रिकामा लेअर (फोटोवरचा वेगळा थर) घेऊन हीलिंग ब्रशने, म्हणजे शेजारच्या त्वचेचा नमुना डागावर मिसळणाऱ्या ब्रशने, मुरूम, ओरखडे काढा. सॅम्पल 'करंट अँड बिलो'वर ठेवा, म्हणजे नमुना खालच्या फोटोतूनही घेतला जातो. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा आणि कडेला कडक हवा. मऊ कडेने डागाभोवती धुरकट वलय उरतं. नमुना शेजारच्याच, तसाच उजेड पडलेल्या त्वचेवरून घ्या. झूम 100 टक्के पुरे. 300 टक्क्यांवर प्रत्येक रंध्र दोष वाटू लागतं आणि हात थांबत नाही.

मग डॉज-बर्न, म्हणजे ठिकठिकाणी उजळ-गडद करणं. खरा वेळ इथेच द्यायचा, कारण डागाळलेपण बहुतेकदा पोताचं नसून उजळ-गडद ठिपक्यांचं असतं. दोन कर्व्ह्ज लेअर (उजळपणा बदलणारे थर) करा, एक उजळ करणारा, दुसरा गडद करणारा. दोन्हींचे मास्क काळे करा, म्हणजे परिणाम झाकला जातो, आणि मऊ पांढऱ्या ब्रशने, फ्लो (ब्रशमधून रंग उतरण्याचा वेग) 1 ते 3 टक्के ठेवून, गडद ठिपके उजळवा, उजळ ठिपके दाबा. सगळ्यांत वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेअर ठेवला की ठिपके नीट दिसतात. डोळ्यांखालची वर्तुळं अशीच, पण निम्मीच कमी करा. खालच्या पापणीची घडी गेली तर डोळा चिकटवल्यासारखा दिसतो.

कपाळाच्या चकाकीसाठी वेगळा लेअर घ्या, त्याचा मोड डार्कन ठेवा आणि त्यावर क्लोन स्टॅम्प (एका जागेची नक्कल दुसरीकडे उमटवणारं साधन) वापरा, त्याची ओपॅसिटी (ठळकपणा) 10 ते 15 टक्के. थोडी चकाकी राहू द्या, तिच्याशिवाय कपाळ सपाट पडतं.

शेवटी मूळ फोटो सोडून रिटचचे सगळे लेअर एका ग्रुपमध्ये घालून ओपॅसिटी 60-70 टक्क्यांवर आणून बघा. शक्यतो दुसऱ्या दिवशी. ताज्या नजरेला अतिरेक पटकन कळतो.

प्रश्न : तीळ, जुने व्रण काढावेत का? रंग थोडा उजळ करावा का?

उत्तर : दोन आठवड्यांत आपोआप जाईल ते काढा, कायमचं आहे ते राहू द्या. तीळ किंवा व्रण काढायचा की नाही, ते फोटोतल्या व्यक्तीला विचारूनच ठरवा. रंग उजळवू नका, याबाबत आमचं मत ठाम आहे. हेडशॉट ओळखीसाठी असतो; प्रत्यक्ष भेटणाऱ्याला माणूस वेगळा वाटला तर फोटो फसला. चेहरा, कान आणि मान यांचे रंग एकमेकांशी जुळवणं मात्र योग्यच.

प्रश्न : दात आणि डोळे किती पांढरे करावेत?

उत्तर : दातांसाठी ह्यू-सॅच्युरेशनमध्ये (रंगाची छटा आणि गडदपणा बदलणारी सोय) फक्त पिवळा निवडा. सॅच्युरेशन उणे 30च्या आसपास, लाइटनेस जेमतेम 5 ते 10. डोळ्यांत ठळक लाल शिरा तेवढ्या फिक्या करा. वरच्या पापणीची सावली पुसू नका, बुबुळाभोवतीचा गोलवा तिच्यामुळेच दिसतो.