कामगंध सापळे : तेच प्रश्न, पुन्हा एकदा

जुलै उजाडला की फोन सुरू होतात. त्यातले निम्मे प्रश्न गेल्या वर्षीचेच असतात, फक्त गाव बदललेलं असतं. कामगंध (फेरोमोन) सापळा म्हणजे मादी पतंगाच्या गंधाची नक्कल असलेला तुकडा, म्हणजे ल्यूर, लावून नर पतंग पकडणारा सापळा. तो काय करतो आणि काय करत नाही, हा घोळ काही केल्या संपत नाही. म्हणून या खेपेला आलेले प्रश्न एकत्रच घेतो.

सापळ्यातल्या ल्यूरचा वास माणसाला, जनावराला बाधतो का? (आर्णी)

नाही. तरी लेकरांच्या हाती देऊ नका.

आमच्या अंगणातल्या दालचिनीवर कोश होता. त्यातून हाताच्या पंजाएवढा ॲटलास पतंग निघाला. दिवसभर जागचा हलला नाही आणि रात्री तसेच आणखी तीन कुठूनसे आले. आसपास तर एकही नव्हता. त्यांना कळलं कसं? (राजापूर)

असा प्रश्न आला की बरं वाटतं. निघाली ती मादी आणि आले ते नर. फ्रान्समध्ये फाब्र या कीटकनिरीक्षकाच्या घरी एकोणिसाव्या शतकात हेच घडलं होतं. जाळीखाली ठेवलेल्या एका मादीसाठी एका संध्याकाळी चाळीसेक नर घरात शिरले. मादी बंद काचेखाली ठेवली, की कोणी फिरकेना. म्हणजे डोळ्यांचं काम नव्हे, हवेतून काहीतरी जात होतं.

ते काहीतरी मादीच्या पोटाच्या टोकाशी तयार होतं. शेवटच्या खंडांमध्ये पातळ कातडीखाली गंधग्रंथी असते. मादी ते टोक बाहेर काढून बसते, याला आम्ही ‘साद घालणं’ म्हणतो. कच्चा माल अगदी साधा असतो. आपल्या खाद्यतेलात असतात तसलीच सोळा किंवा अठरा कार्बनची स्निग्धाम्लं. बहुतेक पतंगांमध्ये ग्रंथीतली विकरं त्या साखळीत नेमक्या जागी दुहेरी बंध पाडतात, लागेल तर दोन-दोन कार्बन छाटून ती आखूड करतात आणि टोकाला शेवटचा बदल करून ती हवेत उडेल अशी बनवतात. हा कारखाना चोवीस तास चालत नाही. पुष्कळ जातींत अंधार पडल्यावर डोक्याकडच्या मज्जागाठीतून एक संप्रेरक सुटतं आणि मग ग्रंथी कामाला लागते. मीलन झालं, की अनेक जातींच्या माद्या गंध सोडणं थांबवतात.

नराच्या मिशा पिसांसारख्या फाटलेल्या असतात, त्या यासाठीच. जर्मन शास्त्रज्ञ बुटेनान्ट यांनी १९५९ साली रेशीम पतंगाचा गंध पहिल्यांदा शुद्ध करून दाखवला. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी आणि वीस वर्षं लागली. हाती आला तो काही मिलिग्रॅम. नराला त्यातले मोजके रेणू पुरतात.

तुमच्या मादीला हात लावू नका, घरात कोंडू नका, साखरपाणी तर मुळीच पाजू नका. तिला खाता येईल असं तोंडच नसतं. आठवडाभराचं आयुष्य असतं तिचं. नक्की जात कोणती, ते जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना फोटो दाखवून विचारा.

तंबाखू मळलेल्या हाताने ल्यूर बसवला तर चालतं का? (कळंब)

चालत नाही. हात धुवा.

एकरी दोन सापळे लावले, रोज पतंग अडकत होते, तरी बोंडं किडलीच. ल्यूर बोगस होते का? दुकानदार म्हणतो, पुढच्या साली एकरी वीस लावा. (राळेगाव)

दरसाली येणारा प्रश्न हाच, आणि दरसाली मी चिडतो तोही यावरच. बसा जरा.

पतंग अडकत होते ना? मग ल्यूर बोगस नव्हते. सापळा तुम्हाला रोज सांगत होता, की शेतात गुलाबी बोंडअळीचे पतंग उडताहेत. तुम्ही ऐकलं का? ताप आला म्हणून थर्मामीटर लावला, १०३ दिसला आणि थर्मामीटर पुन्हा डबीत घालून झोपलात, तर ताप उतरेल का?

सापळ्यात फक्त नर येतात. ल्यूरमध्ये असतो तो मादीच्या गंधाचा बनवलेला नमुना, गॉसिप्ल्यूर. त्यात दोन जुळी रसायनं निम्मी-निम्मी असतात. मादी त्या गंधाकडे येत नाही, आणि अंडी घालते ती मादी. शंभरातले ऐंशी नर तुम्ही पकडले असं धरू. उरलेले वीस स्वस्थ बसतात का? एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणजे नर गेले ऐंशी, अंडी कमी झाली त्या मानाने फारच थोडी. जास्त सापळे लावून नर पकडायची पद्धत आहे, पण ती हंगामाच्या सुरुवातीला, पतंग थोडे असताना आणि शेजाऱ्यांनीही लावले तर. ऑक्टोबरात बोंडांना भोकं पडल्यावर एकरी वीस सापळे लावून भलं होतं ते दुकानदाराचं.

मग दोन सापळे कशासाठी? मोजण्यासाठी. पेरणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास लावायचे, पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर, आणि पीक वाढेल तसे वर सरकवायचे. रोज सकाळी मोजून वहीत लिहायचे आणि अडकलेले काढून टाकायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, की धोक्याची पातळी आली. त्याच दिवशी डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमललेली, गुलाबकळीसारखी मिटलेली फुलं) मोजा आणि वीस-पंचवीस हिरवी बोंडं फोडून बघा. शंभरात दहा फुलं किंवा दहा बोंडं किडकी निघाली तरी तीच पातळी. ती वही घेऊन कृषी सहायकाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात जा. ‘आठवडाभर वाट बघू’ म्हणू नका. अळी एकदा बोंडात शिरली, की वरून मारलेलं औषध तिला शिवत नाही.

आणि कुठलं औषध, किती, हे दुकानाच्या काउंटरवर ठरवू नका. दोन-तीन औषधं एका पंपात मिसळू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना किती माणसं दगावली, हे राळेगावला मी सांगायला नको. फवारताना गरगरलं, डोळे चुरचुरले, तर घरी लिंबूपाणी पीत बसू नका. औषधाचा डबा सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा.

एक विचारतो, राग मानू नका. गेल्या सालची पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) कुठे आहे? धुऱ्यावर रचून ठेवली असेल, तर जुलैतले पतंग तुमच्याच ढिगातून आलेत. फरदड (वेचणी संपल्यावरही जादा बोंडांसाठी राखलेली कपाशी) जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ठेवली असेल, तर अळीला तुम्हीच पुढच्या हंगामापर्यंत जेवू घातलंत. बीटीच्या, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या कपाशीच्या भरवशावर राहू नका, तिच्या बीजी-२ वाणांना ही अळी केव्हाच सरावली आहे.

‘सर्व अळ्यांसाठी एकच ल्यूर’ असं पाकीट मिळतं. स्वस्त पडतं. घ्यावं का? (अंबड)

घेऊ नका. प्रत्येक जातीचा गंध वेगळा असतो, आणि रसायनं सारखी असली तरी प्रमाण वेगळं असतं. हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या मादीच्या गंधात एक ॲल्डिहाइड सुमारे ९७ भाग आणि त्याचंच भावंड ३ भाग. तेवढं प्रमाण बिघडलं, की नर पाठ फिरवतो. चुकीच्या जातीशी गाठ पडू नये म्हणूनच तर हे सगळं आहे. कापसातल्या गुलाबीसाठी पेक्टिनोल्यूर (वर सांगितलेला गॉसिप्ल्यूर असतो तोच), घाटेअळीसाठी हेलील्यूर, तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीसाठी स्पोडोल्यूर. ज्या किडीचा सापळा तिचाच ल्यूर, एका सापळ्यात एकच. पाकिटावर किडीचं नाव, बनवल्याची तारीख आणि किती दिवस चालतो ते नसेल, तर दुकानदाराला परत करा.

कपाशीच्या शेंड्यांवर गंधाची पेस्ट लावली की नर भांबावतात म्हणे. माझं दोन एकर आहे. फायदा होईल का? (मानवत)

तंत्र खरं आहे. शेतभर गंध पसरला, की खरी मादी नेमकी कुठे आहे हे नराला सापडत नाही. अमेरिकेने २०१८ साली गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं, त्यात बीटी कापूस आणि मुद्दाम सोडलेल्या वांझ पतंगांसोबत या तंत्राचाही वाटा होता. पण ते सलग मोठ्या क्षेत्रावर, वर्षानुवर्षं केलं गेलं. तुमच्या दोन एकरांत शेजारच्या शेतातून मीलन झालेली मादी उडून आली, तर तिला तुमची पेस्ट काय अडवणार? गावातले कपाशीवाले एकत्र येत असतील, तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे किंवा परभणीच्या विद्यापीठात चौकशी करा. एकट्याने खर्च करू नका.

स्वयंपाकघरात पिठाभोवती आणि सुक्या मेव्याभोवती बारीक पतंग फिरतात. ऑनलाइन फेरोमोन सापळा मागवला, पतंग चिकटतात, पण संपत नाहीत. (पुणे)

वर राळेगावला जे सांगितलं, तेच. चिकटताहेत ते नर. ज्या डब्याजवळ जास्त चिकटतील, त्याच्या आसपास जाळी धरलेलं पीठ किंवा बदाम शोधा आणि फेकून द्या. बाकीचं हवाबंद डब्यात ठेवा. याला इंग्रजीत ‘इंडियन मील मॉथ’ म्हणतात म्हणून काहींना तो आपलाच वाटतो. ते ‘इंडियन मील’ म्हणजे अमेरिकेतलं मक्याचं पीठ. ओट्याजवळ कीटकनाशक फवारू नका. डबे स्वच्छ करूनही महिन्याभरात आवरलं नाही, तर परवानाधारक कीडनियंत्रकाला बोलवा.

सापळ्यातला पतंग गुलाबी बोंडअळीचाच आहे, हे कसं ओळखायचं? (घाटंजी)

लहानसा, करड्या-तपकिरी रंगाचा, सेंटिमीटरभर लांब. पण तेवढ्यावरून ठरवू नका, सापळ्यात चुकून दुसरेही शिरतात. चार-पाच ताजे पतंग कोरड्या बाटलीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. मोबाइलवर अंधुक फोटो पाठवू नका. आणि महिनाभर न उघडलेल्या सापळ्यातला कुजका गोळाही आणू नका, तो मलाही ओळखता येत नाही.