कस्टम ६.५ डब्ल्यूएसएम वाइल्डकॅटसाठी लोड कसा बसवायचा? तयार डेटा कुठं मिळेल का?

वाइल्डकॅट म्हणजे कुठल्याही कंपनीनं न काढलेलं, दुसऱ्या काडतुसाच्या पुंगळीवरनं (पितळी कवचावरनं) घरी बनवलेलं काडतूस. त्याचा लोड, म्हणजे कुठल्या बुलेटमागे किती पावडर, याचा तयार डेटा नाही मिळणार, आणि कुणी व्हॉट्सॲपवर पाठवला तर वापरू नका. एवढं लिहून झोपणार होतो. पण तुम्ही प्रश्नात खाली लिहिलंय की "पुंगळ्या २७० आणि ३०० दोन्हीच्या मिळून बनवल्यात, सगळ्या सारख्याच दिसतात, चालतंय ना?" ते वाचलं आणि झोप उडाली.

नाही चालत. सांगतो.

मी मूळचा साताऱ्याचा, बरीच वर्षं कोलोरॅडोत आहे. विंचेस्टरनं २००१ ला ३०० डब्ल्यूएसएम (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) काढली, पुढच्या वर्षी २७० आणि ७ एमएम, ६.५ मात्र काढलीच नाही, म्हणून तर आपण लोक हे उद्योग करतो. माझी रायफल एका जुन्या ॲक्शनवर (बोल्टच्या सांगाड्यावर) बनवून घेतलेली आहे आणि ती हातात आली तोवर दुकानात ६.५ पीआरसी हे कंपनीचं तयार काडतूस येऊन बसली होती. मेव्हण्यानं सरळ त्याची रायफल घेतली, सोबत फॅक्टरीच्या गोळ्यांचे चार डबे. तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

लोड मी नीट बसवला होता हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की हा धांदरट आहे. २७० च्या तीस पुंगळ्या घेतल्या, नेक (तोंडाकडचा निमुळता भाग) ६.५ ला आणला, हलक्या लोडनं फायरफॉर्म केल्या (म्हणजे एकदा मारून चेंबरच्या मापाला फुलवल्या), १४० ग्रेनची बुलेट, एच१००० पावडर, खालून सुरुवात करून थोडं थोडं वर. साधारण ऐंशी गोळ्यांत काम झालं. क्रोनोग्राफवर वेग सेकंदाला ३,०६० फुटांच्या आसपास, १०० यार्डवर दहा गोळ्या एक इंचाच्या आत. खूश होतो. सीझनला दोन आठवडे राहिले तेव्हा लक्षात आलं की पुंगळ्या कमी पडणार, २७० चं ब्रास कुठंच मिळेना, ३०० चं मिळालं. त्याच्या दहा बनवल्या. नेक टर्न करायचा होता, म्हणजे बाहेरनं तासून पातळ करायचा. टूल टेबलावरच होतं. म्हटलं करू नंतर.

कोलोरॅडोतल्या मीकर गावाच्या वरच्या अंगाला गेलो होतो, ऑक्टोबरचा पहिला रायफल सीझन, पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा. माझ्याकडं एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) मादीचा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, मेव्हण्याकडं नराचा. सातच्या सुमाराला ॲस्पेनच्या कडेनं पाच-सहा माद्या बाहेर आल्या, रेंजफाइंडरवर २६० यार्ड, वारा नाही, बॅगेवर रायफल टेकवलेली, यापेक्षा सोपं काय असतं. बोल्ट बंद करताना शेवटी शेवटी जरा जड लागला. नवीन पुंगळी आहे म्हणून असेल म्हटलं. मारली. गोळी कुठं गेली देवाला ठाऊक, मादी जागची हलली नाही, उलट कान टवकारून आमच्याच दिशेला बघत उभी राहिली. आणि माझा बोल्ट उघडेना.

मेव्हणा शेजारी पालथा पडून दुर्बिणीतनं बघतोय. "दाजी, परत मारा की." मी तळहातानं बोल्टवर ठोकतोय. "दाजी, उभीय अजून." मी बुटाची टाच लावतोय. "दाजी, काय करताय काय?" एवढ्यात ती आणि बाकीच्या सगळ्या आरामात चालत झाडीत गेल्या. पळाल्यासुद्धा नाहीत, याचं जास्त वाईट वाटलं.

कॅम्पवर लाकडी हातोडीनं बोल्ट उघडला तेव्हा प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) आपोआप गळून पडला आणि पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा, म्हणजे पुंगळी बाहेर ढकलणाऱ्या खिळ्याचा, चकचकीत गोल उमटलेला. प्रेशर कुठच्या कुठं गेलं असणार. मी पावडर तापली म्हणायला गेलो, तर एक तर काचेवर बर्फ, आणि वर एच१००० ही थंडी-उन्हानं फारशी बदलत नाही म्हणूनच घेतलेली. मेव्हण्याला माहिती होतं ते.

घरी येऊन मायक्रोमीटर लावला. माझ्या चेंबरचा (बॅरलमध्ये गोळी बसते त्या खोबणीचा) नेक ०.२९७ इंच. २७० पासून केलेल्या गोळ्यांचा नेक ०.२९४. त्या दहांपैकी उरलेल्या नऊंचा ०.२९७, एखादीचा केसभर कमी. म्हणजे बुलेट सुटताना नेकला फुलायला जागाच नाही. नेक ०.३०८ वरनं ०.२६४ वर आणला तर तिथलं पितळ जाड होणारच, ते काय हवेत जातंय? मला हे माहीत होतं. तुम्हालाही माहीत असेल. माहीत असणं आणि टूल हातात घेणं यात दोन आठवड्यांचा आळस असतो.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगतो, ते आजच करा. मारलेली पुंगळी घ्या, रिसाइझ न करता तिच्या तोंडात एक बुलेट बोटानं सोडा. अलगद आत गेली तर ठीक. अडकली तर तो नेक चेंबरमध्ये फुललेलाच नाही, त्या जातीच्या सगळ्या गोळ्या बाजूला. दोन्ही पुंगळ्या दिसायला सारख्याच असतात हो, माझ्याही दिसत होत्या. आत पाणी किती ग्रेन मावतं तेही दोन्हींचं वेगळं मोजा, ते सारखं नसेल तर एकच लोड दोन्हीत चालणार नाही.

डेटाचं म्हणाल तर वाइल्डकॅटला सामीचं (अमेरिकेतल्या काडतूस उत्पादकांच्या संस्थेचं) माप नसतं, ज्याचा त्याचा रीमर (चेंबर कोरायचं हत्यार) वेगळा, त्यामुळं माझा पावडरचा आकडा मी तुम्हाला सांगणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. रायफल सेकंडहँड घेतलीय म्हणताय तर आधीच्या मालकाकडनं रीमरचं ड्रॉइंग मागा, नसेल तर चेंबरचा कास्ट (साचा ओतून माप) काढून घ्या. आणि लोड बसवण्यात तीनशे गोळ्या घालवू नका, या बॅरलचा घसा हजाराच्या आसपास जळायला लागतो, तेवढ्यात शिकारही करायचीय.

स्पीडच्या मागे तर अजिबात लागू नका. मी आता ३,००० वर आलोय, साठ फूट सोडले. २०० यार्डला झीरो असेल तर ४०० वर त्याचा फरक जेमतेम पाऊण इंच. पाऊण इंच! माझा श्वास त्याहून जास्त हलतो.

मेव्हण्याचं म्हणणं अजून तेच, हँडलोडिंग म्हणजे थेरं, दुकानातली गोळी अडकत नाही. त्याच्या फोनमध्ये त्याच्या पीआरसीचा अर्ध्या इंचाचा ग्रुप आहे, गणपतीला आला की सगळ्यांना दाखवायचा. तो ग्रुप तीन गोळ्यांचा. मागच्या उन्हाळ्यात रेंजवर त्याला त्याच डब्यातल्या दहा मारायला लावल्या, सव्वा इंच झाला. फोटो मी काढलाय. तेव्हापासून तो फोन जरा कमी बाहेर निघतो. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर ज्याला "नोड" (म्हणजे बॅरलला मानवणारा पावडरचा आकडा) सापडतो त्याला सत्यनारायणाच्या शिऱ्यातही देव दिसतो.

आता खरं सांगायचं तर, तुम्हाला फक्त वर्षाला एक एल्क मारायचा असेल आणि मायक्रोमीटर घेऊन बसायची हौस नसेल, तर ६.५ पीआरसीच घ्या. मेव्हणा मराठी वाचत नाही म्हणून लिहितोय.

राहिलंच, तुमच्या पुंगळ्यांच्या बुडावर २७० किंवा ३०० छापलेलं आहे आणि वर बुलेट ६.५ ची. घरात दुसरी डब्ल्यूएसएम असेल तर डबे वेगळे ठेवा आणि ठळक अक्षरात लिहून ठेवा, घरच्या माणसाला वाचता येईल असं. आणि त्या ३०० वाल्या भरून ठेवल्या असतील तर मारून बघू नका, पुलरनं बुलेट काढा. ड्रॉइंग मिळालं की नेकचा आकडा इथं टाका, बघून सांगतो.